ली झी प्रकरण, १६०२ : एका आरोपपत्रात दिसणारी कन्फ्यूशियसवादाची समाजव्यवस्था

१६०२च्या वसंतात, चीनच्या मिंग घराण्यातल्या सम्राट वानलीच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षी, झांग वेन्दा या अधिकाऱ्यानं दरबारात एक निवेदन दिलं. विधी-मंत्रालयाच्या, म्हणजे धार्मिक विधी आणि परीक्षा पाहणाऱ्या खात्याच्या, कारभारावर देखरेख ठेवणं हे त्याचं काम. निवेदनातला आरोपी पंचाहत्तरीला टेकलेला, आजारी, डोकं मुंडलेला एक निवृत्त जिल्हाधिकारी होता. त्याचं नाव ली झी.

आरोप थोडक्यात असे. या माणसाची पुस्तकं देशभर पसरली असून ती लोकांची मनं बिघडवतात. कथेनुसार आधीच गरोदर असलेली स्त्री राजघराण्यात घालून तिचं मूल गादीवर बसवणाऱ्या ल्यू बुवेइ आणि ली युआन यांना तो चतुर म्हणतो. छिन सम्राटाचा मंत्री ली स याला तो कर्तबगार ठरवतो. एकामागून एक धनी बदलणाऱ्या फंग दाओला तो नोकरीत राहून विरक्त असलेला माणूस मानतो. पळून जाऊन लग्न केलेल्या झुओ वेनजुन या विधवेनं जोडीदार चांगला निवडला, असं तो लिहितो. चीन पहिल्यांदा एकछत्री करणारा छिन शी ह्वांग हा त्याच्या मते हजारो वर्षांतला एकमेव सम्राट. कन्फ्यूशियसचा बरंवाईट ठरवण्याचा निवाडा त्याला पुरेसा आधार वाटत नाही. पुढे वर्तनाचे आरोप येतात: मठात बायकांना बोलावणं, वेश्यांबरोबर दिवसाढवळ्या स्नान करणं, घरंदाज स्त्रिया उशी-पांघरूण घेऊन प्रवचनाला येणं. शेवटी खरी निकड सांगितली आहे. हा माणूस आता तोंगझोउला येऊन राहिला आहे आणि तोंगझोउ राजधानीपासून फक्त ४० ली, म्हणजे वीसेक किलोमीटरवर आहे.

एका मुक्त विचारवंताचा छळ, अशा मथळ्याखाली हे प्रकरण सहसा सांगितलं जातं. आमच्या मते आरोपपत्र कलमवार वाचलं तर त्याहून जास्त हाती लागतं. प्रत्येक कलमामागे कन्फ्यूशियसचं नाव घेऊन चालणारी एक प्रत्यक्ष व्यवस्था आहे: परीक्षा, करमाफी, वैधव्याचा सन्मान, राजनिष्ठा. ली झीनं कन्फ्यूशियसला नाकारलं नव्हतं. या व्यवस्थांच्या हातातलं ठरीव माप त्यानं नाकारलं, आणि राज्याला ते झेपलं नाही.

परीक्षा आणि तिच्याभोवतीचा समाज

मिंगकाळातलं प्रस्थापित मत म्हणजे बाराव्या शतकातला कन्फ्यूशियसवादी पंडित झू शी याची भाष्यं. युआन राजवटीनं १३१३मध्ये कन्फ्यूशियसवादाचे पायाभूत 'चार ग्रंथ' आणि त्यांवरचं झू शीचं भाष्य परीक्षेसाठी नेमलं. मिंगांनी ते चालू ठेवलं आणि १४१५मध्ये अधिकृत भाष्यसंग्रह तयार करून घेतले. दर तीन वर्षांनी प्रांतिक परीक्षा व्हायची. तिच्या पहिल्या सत्रात सात निबंध: तीन 'चार ग्रंथां'वर, चार निवडलेल्या अभिजात ग्रंथावर. निबंधाचा साचा ठरलेला होता. आधी विषयाची फोड, मग विस्तार, मग समतोल जोड-परिच्छेद. लिहिणाऱ्यानं कन्फ्यूशियससारख्या ऋषींच्या तोंडून बोलावं अशी अपेक्षा असे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे सवलती पाहिल्या की कळतं. पहिली पायरी ओलांडून पदवीधर झालेल्याला स्वतःसह घरातल्या आणखी दोघांची वेठ माफ होती. त्याची पदवी काढून घेतल्याशिवाय न्यायाधीश त्याला फटके मारू शकत नव्हता. वरच्या पायरीला नोकरी, जमीन, नातेगोते आणि गावावर वजन मिळे. म्हणजे झू शीचा अर्थ पाठ असणं हे थेट उत्पन्नाचं साधन होतं.

जे परीक्षेला बसत नव्हते त्यांच्यासाठी वेगळी सोय होती. १३९८च्या फर्मानानुसार महिन्यातून सहा वेळा एखादा म्हातारा किंवा आंधळा माणूस, पोराचा हात धरून, घंटा वाजवत गावातून फिरे आणि सहा आज्ञा पुकारे: आईवडिलांची सेवा करा, थोरांचा मान राखा, शेजाऱ्यांशी गोडीनं राहा, मुलानातवंडांना वळण लावा, आपापल्या धंद्यात समाधानी राहा, वाईट करू नका. विधवांचा नियम १३६८चा. तिशीच्या आत नवरा वारला आणि पन्नाशीपर्यंत बाईनं पुनर्विवाह केला नाही, तर तिच्या दारावर सरकारी सन्मानाची खूण लागे आणि सासरच्या घराला वेठ माफ होई. सुनेनं लग्न न करण्यात घरातल्या पुरुषांचा रोकडा फायदा होता. झुओ वेनजुनचं कलम वाचताना हे विसरून चालणार नाही.

या सगळ्यात कन्फ्यूशियस किती होता, हा प्रश्न तेव्हाही होता. प्रजा मोलाची आणि राजा हलका, असं म्हणणाऱ्या मेन्शियसचे, म्हणजे कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या दुसऱ्या मोठ्या विचारवंताचे, ८५ उतारे मिंग संस्थापकानं १३९४च्या परीक्षा-आवृत्तीतून काढून टाकले होते. सोयीचं ठेवायचं आणि गैरसोयीचं छाटायचं, हे काम टीकाकारांच्या आधी दरबारानंच केलं होतं.

आतून आलेला टीकाकार

ली झीचा जन्म १५२७चा, फूजियान किनाऱ्यावरच्या च्युआनझोउ बंदरातला. घराणं व्यापाऱ्यांचं. एक पूर्वज चौदाव्या शतकात होर्मुझपर्यंत व्यापाराला गेला होता आणि कुळात इस्लामचा धागाही होता. परीक्षेबद्दल त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. झू शीचं भाष्य त्याच्या मनात उतरेना. मग त्यानं चलतीचे नमुना-निबंध रोज थोडे थोडे पाठ केले. परीक्षेपर्यंत ते ५०० झाले. प्रश्नपत्रिका आल्यावर नकलनविसासारखं उतरवून काढलं आणि तो वरच्या क्रमांकानं पास झाला. साल १५५२. सर्वोच्च परीक्षेला तो बसला नाही. शाळामास्तर, नानजिंग आणि बेजिंगच्या राजविद्यालयांतला अध्यापक, मंत्रालयांतला कनिष्ठ अधिकारी आणि १५७७ ते १५८० युन्नानमधल्या याओआनचा जिल्हाधिकारी, असा त्याचा प्रवास झाला.

या काळातली एक घटना फार बोलकी आहे. १५६०च्या दशकात आजोबा वारल्यावर रीतीप्रमाणे नोकरी सोडून गावी जाणं आणि सुतक पाळणं त्याला भाग होतं. पणजोबांचं दफनही पन्नासहून अधिक वर्षं रखडलं होतं. ते केलं नाही तर पुत्रधर्म मोडल्याचा डाग लागला असता. हातात मदतीचे थोडे पैसे होते. त्यातल्या निम्म्यांत त्यानं हनानमधल्या गोंगचंगला, जिथे तो पूर्वी मास्तर होता, बायको-मुलींसाठी शेत घेतलं आणि उरलेले घेऊन तो एकटा फूजियानला गेला. बायकोला तिच्या म्हाताऱ्या आईला भेटायचं होतं, पण तिला नेण्याइतके पैसे नव्हते. पुढे एका अधिकाऱ्यानं तिथल्या श्रीमंतांवरच्या रागापायी, धान्य-कालव्याचं निमित्त करून झऱ्यांचं पाणी वळवलं. ली झीनं त्याच्याकडे रदबदली केली, ती फुकट गेली. स्वतःच्या चार तुकड्यांपुरतं मागितलं असतं तर पाणी मिळालं असतं. अख्ख्या गावाची शेती वाळत असताना आपलंच शेत भिजवणं त्याला पटलं नाही. दुष्काळ पडला आणि दुसरी नि तिसरी मुलगी लागोपाठ गेल्या. तिघा पिढ्यांचं दफन उरकून तो परतला तेव्हा त्याला हे कळलं. पितृधर्माची किंमत कोण मोजतं हे त्यानं पोथीतून शिकलेलं नव्हतं.

नोकरीभर त्याचं वरिष्ठांशी वाजत आलं. कुठे कुणाशी बिनसलं याची यादीच त्यानं म्हातारपणी केली आहे, आणि कारणही दिलंय: आयुष्यभर मला दुसऱ्याच्या ताब्यात राहणं आवडलं नाही. जन्मल्यावर आईबाप, मग शिक्षक, मग वरिष्ठ, निवृत्तीनंतर गावचे अधिकारी. म्हणून तो गावी परतलाच नाही. हूबेइमधल्या ह्वांगआनला गंग डिंगली या मित्राकडे राहिला, १५८४मध्ये तो मित्र वारल्यावर माचंगला गेला. बायकोला माहेरच्या मुलखात पाठवलं आणि १५८८मध्ये डोकं मुंडलं. माचंगपासून काही कोसांवर लोंगतानच्या मठात तो राहू लागला. दीक्षा घेतलेला भिक्खू मात्र तो नव्हता.

गंग डिंगशियांगशी वाद

मित्राचा थोरला भाऊ गंग डिंगशियांग हा मोठा अधिकारी आणि नामवंत पंडित. आपल्या घरच्या पोरांना हा माणूस बिघडवतोय अशी त्याला धास्ती वाटत होती. दोघांत वर्षानुवर्षं पत्रं झाली. ली झीनं आपली पत्रं १५९०मध्ये 'फनशू', म्हणजे जाळण्याजोगं पुस्तक, या नावानं छापली. खाजगी भांडण छापील झालं, आणि इथूनच प्रकरणाला धार आली.

त्याचा पहिला मुद्दा असा: निसर्ग प्रत्येक माणसाला त्याचं त्याचं काम देऊन जन्माला घालतो. ते कन्फ्यूशियसकडून उसनं घ्यावं लागत असेल, तर कन्फ्यूशियसच्या आधी हजारो वर्षं जी माणसं होऊन गेली ती माणसं नव्हती काय? दुसरा मुद्दा जास्त झोंबणारा होता. तुम्ही शेत करता पोटासाठी, जमीन घेता धान्यासाठी, शिकता पदवीसाठी, नोकरी करता मानासाठी. दिवसभर सगळं स्वतःसाठी, पण तोंड उघडलं की परोपकार. यापेक्षा बाजारातला किरकोळ माणूस बरा. धंदा करणारा धंद्याचं बोलतो, शेतकरी शेतीचं. त्यांचं बोलणं खरं असतं, ऐकताना कंटाळा येत नाही. आणखी एका पत्रात, गंगला नव्हे तर दुसऱ्या एका स्नेह्याला, तो लिहितो की कपडे घालणं आणि जेवणं यातच माणसांचे परस्परसंबंध आणि वस्तूंचं तत्त्व आहे, ते बाहेर शोधू नये.

गंगची बाजूही समजून घ्यायला हवी. तरुण पोरं घरदार सोडून या मुंडलेल्या म्हाताऱ्यामागे गेली तर म्हाताऱ्यांना कोण पोसणार, वंश कोण चालवणार, हा त्याचा प्रश्न पोकळ नव्हता. चिनी खेड्यात वार्धक्याचा विमा म्हणजे मुलगाच. १५९६मध्ये गंग वारला, त्याआधी दोघांचा समेटही झाला होता. आरोपपत्र येईस्तोवर हा वाद मागे पडला होता, पण छापलेली पत्रं फिरतच होती.

'त्सांगशू' आणि मापाचा प्रश्न

आरोपपत्रातली ऐतिहासिक नावं १५९९मध्ये नानजिंगला छापलेल्या 'त्सांगशू', म्हणजे दडवून ठेवण्याजोगं पुस्तक, यातली. ६८ खंड, सुमारे ८०० व्यक्तींची चरित्रं, युद्धमान राज्यांच्या काळापासून युआनपर्यंत. प्रस्तावनेतच त्याचं म्हणणं मांडलंय. बऱ्यावाइटाचा निवाडा मुळात ठरीव नसतो. कालचं बरोबर आज चूक ठरतं, आजची चूक उद्या बरोबर. खुद्द कन्फ्यूशियस आज परत आला तर तो काय निवाडा देईल कोण जाणे. मग एका ठरीव प्रतीवरून बक्षिसं आणि शिक्षा वाटायच्या कशा? हजार वर्षं सगळ्यांनी कन्फ्यूशियसचाच निवाडा पुढे चालवला, त्यामुळे या काळात कुणी निवाडा केलाच नाही. यातला 'बक्षिसं आणि शिक्षा' हा भाग नीट पाहा. बोलणं तत्त्वज्ञानाचं वाटतं, रोख परीक्षकाकडे आणि न्यायाधीशाकडे आहे.

फंग दाओ हे याचं सर्वांत चांगलं उदाहरण. दहाव्या शतकाच्या धामधुमीत हा माणूस चार घराण्यांच्या राजांचा आणि मधे उत्तरेकडून आलेल्या खितान टोळीवाल्यांचाही मंत्री झाला. इतिहासकार ओउयांग श्यूनं अकराव्या शतकात त्याला निर्लज्ज ठरवलं, आणि शाळकरी पोरांनाही तेच शिकवलं गेलं. ली झी उलटून मेन्शियसचाच आधार घेतो: प्रजा आधी, राजा नंतर. राजाचं काम प्रजेला पोसणं. राजा ते करत नसेल आणि मंत्र्यानं ते केलं, तर मंत्र्यानं कर्तव्य बजावलं. पन्नास वर्षं घराणी पडत असताना लोक भाल्यांपासून वाचले, त्याचं श्रेय फंग दाओला. दरबाराच्या कानांना हे किती टोचलं असेल याची कल्पना करा. निष्ठेची दिशाच इथे बदलली होती, आणि तीही परीक्षेला नेमलेल्या ग्रंथाच्या आधारानं.

झुओ वेनजुनबद्दल तो लिहितो की तिनं बापाला विचारलं असतं तर बापानं नकारच दिला असता. चांगला जोडीदार हातचा गेला असता. लहानशी नाचक्की सोसून तिनं मोठी गोष्ट साधली. वर दिलेला करमाफीचा नियम शेजारी ठेवला की हे वाक्य सरकारी योजनेच्या विरोधात जातं.

मठातल्या बायकांचा आरोप आणखी गुंतागुंतीचा. माचंगच्या मेइ घराण्याचा कर्ता मेइ ग्वोझेन हा वरिष्ठ अधिकारी. त्याची मुलगी दानरान वाग्दत्त वर वारल्यावर भिक्खुणी झाली होती. ती आणि काही स्त्रिया ली झीला धर्मविषयक प्रश्न पत्रानं विचारत. त्यानं ती प्रश्नोत्तरं छापली आणि दानरानचा उल्लेख गुरू म्हणून केला. माणसांत स्त्रीपुरुष आहेत, पण दृष्टीत स्त्रीपुरुष असतात असं म्हणता येत नाही, हे त्याचं एका पत्रातलं विधान. बदफैलीच्या गोष्टींना पुरावा दिलेला नाही. ली झीचा पाठीराखा मा जिंगलून यानं अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रांत म्हटलंय की हा मारा मुळात मेइ घराण्याच्या अब्रूवर आहे. आम्हाला त्याचं म्हणणं पटतं. सोळाव्या शतकातल्या जिल्ह्यात पंडिताला पाडण्याचा सोपा मार्ग त्याच्या यजमानाच्या मुलीवरून जात असे.

घटनाक्रम

१६००च्या हिवाळ्यात स्थानिक अधिकाऱ्यांच्या आशीर्वादानं जमावानं लोंगतानचा मठ जाळला. ली झीनं स्वतःच्या अस्थींसाठी बांधलेला स्तूपही फोडला. तो हनानमध्ये पळाला. मा जिंगलून, पदावरून उतरवलेला दक्षता अधिकारी, तिथवर जाऊन त्याला भेटला आणि १६०१मध्ये त्यानं त्याला तोंगझोउच्या आपल्या घरी आणलं.

मग झांगचं निवेदन आणि त्यावर सम्राटाचा हुकूम आला. ली झी बंडखोर मत पसरवतो, जगाला भुलवतो, लोकांना फसवतो. पूर्व-कचेरी, शाही पहारा आणि नगर-पोलिसांनी त्याला पकडावं. छापलेली, न छापलेली सगळी पुस्तकं शोधून जाळावीत. लपवणाऱ्यांवर कारवाई व्हावी. काम आधी गुप्त पोलिसांकडे गेलं. पुस्तकांचा निकाल चौकशीच्या आधीच लागला होता.

पोलिस आले तेव्हा ली झी अंथरुणाला खिळलेला होता. त्यानं दाराची फळी मागवली आणि तिच्यावर झोपून तो निघाला. मा जिंगलूननं सोबत जाण्याचा हट्ट धरला आणि तो गेलाही. चौकशीत विचारलं, असली पुस्तकं का लिहिलीस? त्याचं उत्तर: पुस्तकं बरीच आहेत, इथेच आहेत, धर्माला त्यांचा फायदाच आहे. पुढे त्याला मूळ गावी रवाना करावं असा प्रस्ताव झाला, पण वरून निर्णय येईना. तुरुंगात त्यानं हजामत करायला सांगितली, वस्तरा हिसकावला आणि गळा कापला. लगेच जीव गेला नाही. पहारेकऱ्यानं विचारलं, दुखतं का? त्यानं बोटानं लिहिलं, नाही. का केलंत? सत्तरीच्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं असणार. हे त्याच्या चरित्रकारानं, तरुण मित्र युआन झोंगदाओनं नोंदवलंय. मे १६०२मध्ये तो वारला. मा जिंगलूननं त्याला तोंगझोउलाच पुरलं.

बंदी कुठे फसली

त्याच वर्षी विधीमंत्री फंग छीनं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत बौद्ध आणि परके शब्द वापरण्यावर बंदी मागितली आणि सम्राटानं ती मान्य केली. खरा बंदोबस्त इथे होता. पुस्तक जाळून जे साधणार नव्हतं, ते गुण कापून साधणार होतं. पुस्तकांची बंदी मात्र लगेच गळू लागली. मिंगच्या शेवटच्या शतकात नानजिंग, सूझोउ, जियानयांगचे छापखाने बाजारासाठी छापत होते. लाकडी ठोकळा जळला तर दुसरा कोरता येत होता, आणि बंदीनं नावाला भाव आला. त्याच्या नावावर खोटी पुस्तकंही निघाली. १६१८मध्ये त्याच्या शिष्यानं उरलेलं लेखन छापलं. १६२५मध्ये बंदी पुन्हा घालावी लागली. पुढे पंडित गू यानवूनं तक्रार केली की सरकारी बंदी असूनही पंडित-अधिकारी ही पुस्तकं आवडीनं वाचतात आणि दडवून ठेवतात. मिंगनंतरच्या छिंग राजवटीतही ती निषिद्धच राहिली.

गू यानवूचा उल्लेख सहज केलेला नाही. गू, वांग फूझी, ह्वांग झोंगशी हे तिघे सतराव्या शतकातले मोठे टीकाकार. जगाचं सर्वांत मोठं नुकसान राजा करतो, असं लिहिणाऱ्या ह्वांगनं मिंग विद्वानांचा इतिहास लिहिताना ली झीला स्वतंत्र स्थान दिलं नाही. गू त्याला ऋषींविरुद्ध बेफाम झालेला सर्वांत हीन माणूस म्हणतो. मिंग साम्राज्य बुडालं ते अशा बोलघेवड्यांमुळे, असं त्यांना मनापासून वाटत होतं. प्रस्थापित मताचे टीकाकार एका बाजूला उभे होते ही कल्पना या प्रकरणात टिकत नाही.

मिंगकाळातला विचारवंत वांग यांगमिंग याचं उदाहरणही असंच अडचणीचं. मनाला चूक वाटलं तर ते कन्फ्यूशियसच्या तोंडचं असलं तरी मी बरोबर म्हणणार नाही, असं त्यानं ली झीच्या कितीतरी आधी लिहिलं होतं. त्याला १५८४मध्ये, ली झीच्या अटकेच्या १८ वर्षं आधी, कन्फ्यूशियसच्या मंदिरात स्थान मिळालं. पण वांग सेनापती होता, १५१९चं राजपुत्राचं बंड त्यानं मोडलं होतं, दक्षिण जियांगशीत गावोगावी आचारसंहिता त्यानंच बसवल्या. त्याचं वाक्य अभ्यासाच्या खोलीत राहिलं. ली झीनं तेच वाक्य इतिहासाच्या बक्षिसांना, विधवेला आणि मंत्र्याच्या निष्ठेला लावलं.

विसाव्या शतकात तो परत आला. कन्फ्यूशियसवादाचा टीकाकार वू यूनं १९१६मध्ये त्याचं चरित्र लिहिलं. १९७४च्या 'लिन बियाओ आणि कन्फ्यूशियसवर टीका करा' मोहिमेत ली झीला कन्फ्यूशियसविरोधी विधिवादी, म्हणजे कायदा आणि शिक्षेच्या बळावर राज्य चालवावं असं मानणारा, ठरवून त्याचे ग्रंथ छापले आणि वाटले गेले. छिन शी ह्वांगचं कलम तेव्हा कामी आलं. पण लोंगतानच्या मठात ली झीनं कन्फ्यूशियसचं चित्र टांगलं होतं आणि त्यावर एक टिपण लिहिलं होतं: सगळे त्याला ऋषी मानतात म्हणून मीही मानतो. त्यांना ते आईबापांकडून आणि मास्तरांकडून कळलं, आईबाप-मास्तरांना जुन्या पंडितांकडून. हजारो वर्षं कुणी स्वतः डोळे उघडून पाहिलेलं नाही, मी कोण वेगळा, मीही बहुमताबरोबर पूजा करतो. १९७४च्या विधिवाद्याच्या चौकटीत हे टिपण बसत नाही, आणि १६०२च्या आरोपपत्रातही त्याचा उल्लेख नाही.